सेकंडला टाका!

गाडीला बंद पडायचंच असेल तर ती सासूबाई आत बसल्यावरच पडते. रविवार, सकाळचे सहा वीस, सासूबाई मागच्या सीटवर, मांडीवर डबा, डब्यात सहा पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी (पुणे ते दादर, तीनेक तास, सहा पोळ्या, मी काही बोललो नाही), आणि डेक्कन क्वीन सव्वासातला सुटते, ती 1930 सालापासून कोणाच्या जावयासाठी थांबलेली नाही. मी रुबाबात ब्रेक दाबला, किल्ली फिरवली. टक्. परत फिरवली. टक् टक् टक् टक्. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि मग लाज वाटल्यासारखे मंद होत गेले.

"सेल्फ घेत नाहीये," मागून निदान आलं. सासूबाईंना गाडी चालवता येत नाही, पण त्यांचे वडील एसटीच्या डेपोत होते.

कारण नंतर कळलं. शुक्रवारी संध्याकाळी चिरंजीव गाडीत शटल शोधायला गेले होते आणि आतला दिवा चालू ठेवून आले. पाच वॅटचा दिवा, छत्तीस तास, म्हणजे 180 वॅट-अवर, भागिले 12 व्होल्ट, म्हणजे 15 अँपिअर-अवर. आमची बॅटरी 35 ची आणि तीही चार वर्षांची म्हातारी, ती बिचारी काय करणार. हा हिशोब मी त्याला रागवायच्या ऐवजी समजावून सांगितला, तर तो म्हणे बाबा तुम्ही रागवा, ते लवकर संपतं.

असो. तर त्या क्षणी पार्किंगमध्ये बी-विंगचे नाना अवतरले. नाना म्हणजे रिटायर्ड, सकाळी पाचला उठणारे, हातात दुधाच्या पिशव्या आणि डोक्यात उपाय. "बॅटरी बसली. धक्का मारू, त्यात काय!" त्यांनी पिशव्या सासूबाईंच्या मांडीवर ठेवल्या, वॉचमन मामांना बोलावलं, पेपरवाल्या पोराला सायकलवरून उतरवलं, माझ्या बायकोला स्टेअरिंगवर बसवलं आणि आम्ही चौघांनी गाडी, सासूबाई, पोळ्या आणि दोन लिटर दूध असं सगळं मिळून गेटच्या दिशेनं ढकलायला सुरुवात केली. उतार लागला, गाडीनं वेग घेतला, नाना ओरडले, "सेकंडला टाका! आता! सेकंडला टाका!"

आतून बायकोचा आवाज आला, "कुठे टाकू? इथे आर, एन, डी आणि एम आहे!"

गाडी गेटपाशी थांबली. आम्ही चौघं मागे वाकलेल्या अवस्थेतच राहिलो. "ऑटोमॅटिक आहे नाना," मी म्हणलं. नानांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी हुंडा घेतला होता. धक्क्यानं गाडी सुरू व्हायची तर ती सेकंड गिअरमध्ये टाकून क्लच सोडावा लागतो, आणि एएमटी (आपोआप गिअर बदलणाऱ्या) गाडीत क्लचचा पायडल नसतो, क्लच दाबायचं काम एक यंत्र करतं, त्या यंत्राला वीज लागते, आणि वीज नाही म्हणून तर आपण धक्का मारतोय, म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत. हे मी त्यांना सांगायला लागलो तर ते दूध घेऊन निघून गेले. सासूबाई रिक्षानं गेल्या, क्वीन मिळाली, आणि लोणावळ्यावरून फोन आला, "रिक्षा छान होती हो." बाकी काही नाही. एवढंच.

दहा वाजता मेकॅनिक आला. त्यानं पाठीवरच्या सॅकमधून जेवणाच्या डब्याएवढी एक काळी वस्तू काढली, लाल चिमटा, काळा चिमटा, "मारा सेल्फ," गाडी सुरू. पाचशे रुपये. मी घड्याळात बघितलं होतं, चाळीस सेकंद. जाताना म्हणाला, "बॅटरी बदला साहेब, सुटणार ही. आणि पुढच्या डाव्या चाकात हवा कमीए."

आता कोणीही शहाणा माणूस इथे काय करेल? साडेचार हजाराची बॅटरी बदलेल, पंपावर जाऊन फुकट हवा भरेल आणि दुपारी झोपेल. मी मात्र त्या काळ्या डब्याच्या प्रेमात पडलो होतो. मनात एकच विचार, की हा डबा आपल्याकडे असता तर मला कोणालाही धक्का मारायला बोलवावं लागलं नसतं, नानांची ती नजर सोसावी लागली नसती, आणि पंपावर तो हवावाला चहाला गेलाय, येईल एवढ्यात, हे ऐकत गाडीत बसावं लागलं नसतं. रात्री फोनवर बघितलं तर लक्षात आलं की असे डबे आता हवा भरायच्या पंपासकट येतात. एकाच डब्यात जंप स्टार्टर, टायर इन्फ्लेटर, टॉर्च आणि मोबाईलची पॉवर बँक. मी उठून बसलो. बायकोनं विचारलं काय झालं, मी म्हणलं काही नाही, झोप.

पुढचे सतरा दिवस मी त्या विषयाचा अभ्यास केला. दहावीला केला नव्हता एवढा.

पहिली भानगड अँपिअरची. कोणी 1000 अँप, कोणी 2000, एकानं तर 4000 लिहिलंय आणि किंमत सगळ्यात कमी. वाचत वाचत कळलं की हे असतं पीक अँप. पीक अँप म्हणजे स्थळ सांगताना मुलाचा सांगतात तो पगार, बोनस, पीएफ, कंपनीची बस, दिवाळीची मिठाई सगळं धरून. एखाद्या क्षणी तेवढा करंट येऊन गेला तर गेला. खरा हातात येणारा पगार म्हणजे क्रँकिंग अँप, ते कुठेतरी खाली बारीक अक्षरात असतं नाहीतर नसतंच. आणि आमच्या 1.2 लिटरच्या पेट्रोल गाडीच्या सेल्फला (म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला) लागतात किती, तर शंभर-दोनशे अँपिअर, तेही काही सेकंद. पण मी नागपूरच्या मेहुण्याला फोन करायची चूक केली. त्याच्याकडे भली मोठी डिझेल गाडी आहे आणि प्रत्येक विषयावर मत आहे. "भाऊजी, दोन हजाराच्या खाली घेऊच नका बरं. डिझेलला काय लागते तुम्हाले माहीत नाही." मी म्हणलं माझी पेट्रोल आहे. "आज आहे ना जी. उद्या डिझेल घ्याल तर?" यावर काय बोलणार. मग चौकशीअंती कळलं की त्याच्याकडेही असा डबा होता, तो त्यानं मे महिन्यात डॅशबोर्डवर ठेवला. नागपूरचा मे. बाहेर 45, बंद गाडीत साठच्या वर कुठेतरी. आतली लिथियमची बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली. "मग काय केलंस?" "काही नाही, गच्चीवर ठेवलाय, कोणी हात नाही लावत."

दुसरी भानगड एमएएचची, म्हणजे डब्यात वीज किती मावते त्या आकड्याची. डब्यावर लिहिलेलं 20000 एमएएच. बघून छाती फुगते. पण हे आकडे आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टला मोजलेले, म्हणजे 74 वॅट-अवर, म्हणजे गाडीच्या 12 व्होल्टच्या भाषेत जेमतेम सहा अँपिअर-अवर. डब्यावर वीस हजार, प्रत्यक्षात सहा. हे मी जेवताना सगळ्यांना सांगितलं आणि वर हेही सांगितलं की विमानात केबिन बॅगेत 100 वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक चालते, म्हणजे 74 वाली नियमात बसते. बायको म्हणाली, "छान. विमान बंद पडलं तर उपयोगी पडेल."

मग रिव्ह्यू. मराठी माणसानं ऑनलाईन रिव्ह्यू वाचू नयेत, त्रास होतो. पाच स्टार देणारे लिहितात, पॅकिंग उत्तम, रंग छान, अजून वापरलेलं नाही. एक स्टारवाला लिहितो, कुरिअरवाला उद्धट होता. एकानं तीन स्टार दिलेत, का, तर बायकोला आवडलं नाही. ज्याची गाडी खरोखर ताम्हिणीत रात्री अकराला बंद पडली आणि या डब्यानं ती सुरू झाली किंवा झाली नाही असा एकही माणूस मला सतरा दिवसांत सापडला नाही, मला वाटतं ते लोक अजून ताम्हिणीतच असतील.

घरातला खरा वाद मात्र वेगळाच झाला, की एकत्र डबा घ्यायचा का दोन वेगळे. आणि इथे मी कबूल करतो की बायकोचा मुद्दा बिनतोड होता. ती म्हणाली, "आपल्याकडे ज्युसर-मिक्सर-ग्राइंडर आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली. ज्युसर किती वेळा लावला?" एकदा. गाजराचा. भिंतीवर अजून आहे. शिवाय एकत्र डब्यात बॅटरी एकच, चार चाकांत हवा भरून ती दमली आणि मग गाडी सुरू झाली नाही तर? शिवाय पंपाची मोटर आली की वजन वाढतं, एक भाग बिघडला की दोन्ही दुरुस्तीला. वेगळा इन्फ्लेटर घेतला तर तो गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवरसुद्धा चालतो. सगळं पटलं. आणि तरीही मी एकत्रच घेणार हे मला पहिल्या रात्रीपासून माहीत होतं, कारण दोन वस्तू घेतल्या की त्यातली एक नेहमी घरी राहते आणि ती नेमकी कुठली राहते हे सांगायला ज्योतिषी नको.

ऑनलाईनचा भरवसा वाटेना म्हणून शेवटी नाना पेठ गाठली. पुण्यात गाडीचा नट हवा असो नाहीतर आख्खं इंजिन, नाना पेठेत जायचं. नाना बरोबर आले. म्हणजे मी सांगितलं नव्हतं, पार्किंगमध्ये भेटले, "कुठे?" "नाना पेठ." "थांबा, पायजमा बदलतो." दुकानदार पन्नाशीचा, अतिशय सज्जन, त्यामुळे माझं नुकसान झालं असतं. म्हणाला, "कशाला सहा-सात हजार घालताय? जंपर केबल न्या, पाचशे रुपये, आयुष्यभर जाते." मी म्हणलं, केबलला दुसरी गाडी लागते. "मग? सोसायटीत शंभर गाड्या असतील." मी म्हणलं, अहो पण दुसऱ्या गाडीबरोबर दुसरा माणूस लागतो. त्यानं नानांकडे बघितलं, नानांनी छताकडे. "माणूस नको म्हणता," दुकानदार म्हणाला आणि आतून डबा काढून दिला. सहा हजार दोनशे. नानांनी दोनशे कमी करून घेतले आणि परतताना त्या दोनशेतले काही मस्तानीवर खर्च झाले, ते जाऊ दे.

डब्यात काय काय निघालं! मुख्य यंत्र, चिमट्यांची वायर, तिच्यावर एक छोटी डबी आणि दोन दिवे, चार्जिंगची वायर, हवेची नळी (दीड बित्ता, मागच्या चाकाशी यंत्र घेऊन मांडी घालून बसावं लागतं), आणि एका पिशवीत तीन टोच्या. एक सुई फुटबॉलची, एक निमुळती प्लास्टिकची पोहायच्या ट्यूबची, आणि एक बारकी पितळेची टोपी, जी कशाची ते माहितीपत्रकात पण नव्हतं. मी ती फेकणार होतो, बायको म्हणाली ठेव, घरात काहीतरी सापडेल ज्याला ती बसते.

माहितीपत्रक वाचलं, सगळं. आधी लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, मग काळा मायनसला किंवा इंजिनाच्या उघड्या धातूला, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी नेमकी तिथेच उडायला नको. उलटे लावले तर लाल दिवा आणि पीं पीं, म्हणजे यंत्र स्वतःच नकार देतं. हिरवा लागला की सेल्फ. गाडीची बॅटरी अगदीच मेलेली असली तर यंत्राला ती दिसतच नाही, त्याला वाटतं चिमटे हवेत आहेत, मग एक बूस्टचं बटण असतं ते दाबायचं, आणि ते दाबलं की हे सगळं उलट-सुलट ओळखणं वगैरे बंद, जबाबदारी तुमची. म्हणजे एरवी हुशार आणि खऱ्या अडचणीच्या वेळी, तुमचं तुम्ही बघा. तीन-चार महिन्यांनी एकदा चार्ज करा, उन्हात ठेवू नका, पंप सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, नंतर थंड होऊ द्या. मेहुण्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. त्यानं अंगठा दाखवला आणि लिहिलं, 1500 च आहे का जी.

पंपाचं उद्घाटन रात्री दहाला केलं, गाडी तासन्‌तास उभी होती म्हणून. हवा थंड टायरमध्येच मोजायची, गाडी फिरवून आणली की टायर तापतो आणि आकडा तीन-चारनं चढतो, हे मी नव्यानं शिकलो होतो. नव्यानं शिकलेली दुसरी गोष्ट म्हणजे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो आणि त्यावर हवा किती भरायची ते लिहिलेलं असतं. चार वर्षं मी त्या दारातून आत-बाहेर करतोय. मी पंपावर कायम "पस्तीस टाक" म्हणायचो, कारण माझे वडील पस्तीस म्हणायचे, त्यांची गाडी वेगळी, टायर वेगळे, काळ वेगळा. स्टिकरवर 33 होतं. खुद्द टायरवर पण एक मोठा आकडा कोरलेला असतो, तो टायर सहन करेल त्याची हद्द असते, तेवढी भरायची नसते. आणि यंत्राच्या खोक्यावर ठळक अक्षरात "150 पीएसआय" (हवेच्या दाबाचं माप, ते तेहतीस-पस्तीस त्यातलेच), जे मला कशाला हवंय, मी काय ट्रक आहे?

तर नळी लावली, स्क्रीन पेटला, आकडा आला 2.2.

माझ्या पोटात गोळा आला. तेहतीस पाहिजे आणि दोन पॉइंट दोन? या चाकावर मी काल सिंहगड रोडनं आलो? मी घाईघाईनं बटण दाबलं आणि भर्रर्रर्र असा आवाज झाला की तळपार्किंगमध्ये हेलिकॉप्टर उतरतंय. पहिल्या मजल्याच्या खिडक्या उघडल्या. नाना खाली आले, बनियनवर. "काय चाललंय?" मी म्हणलं, टायरमध्ये हवाच नाहीये हो, दोन पॉइंट दोन दाखवतंय. नानांनी "बंद करा ते" म्हणून टायरला एक लाथ मारली, अंगठ्यानं दाबून बघितलं, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बत्तीस आहे."

मग लेकानं खाली येऊन सांगितलं की बाबा ते बारमध्ये आहे, एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, हे बटण दोन सेकंद दाबून धरा. धरलं. स्क्रीनवर 32. म्हणजे मी सहा हजार मोजून जे यंत्र आणलं ते नानांच्या चपलेत आधीपासून होतं.

पण नळी काढताना जी फुस्स होते त्यात एक पीएसआय जातो, म्हणून 34 लावून ठेवायचं, हे मात्र माझं स्वतःचं संशोधन आहे आणि ते मी कोणालाही फुकट देतो.

गाडीची बॅटरी पुढच्याच महिन्यात पूर्ण गेली, नवीन बसवली, साडेचार हजार. म्हणजे आता माझी गाडी बंद पडायचा प्रश्नच नव्हता. डबा डिकीत न ठेवता घरी, चपलांच्या कपाटात, सावलीत. आणि मग कसं कोण जाणे, सोसायटीत पसरलं. ए-विंगचे दोघं अमेरिकेहून तीन महिन्यांनी परत आले, गाडी मेलेली, "तुमच्याकडे तो डबा आहे ना?" सीएची मुलगी क्लासला निघाली, टायर बसलेला, "काका, प्लीज." कोणाची एअरबेड, कोणाचा फुटबॉल, गणपतीत मंडपाच्या फुग्यांना चालेल का (नाही चालत, फुटतात). लोकांना माझं नाव माहीत नव्हतं, डबेवाले म्हणायला लागले. रविवारी सकाळी बेल वाजली की बायको झोपेतच म्हणायची, तुझं गिऱ्हाईक.

फक्त नाना कधी आले नाहीत. त्यांची गाडी वीसेक वर्षांची, आणि ते तत्त्वाचे.

परवा आले. पहाटे पाच चाळीस. टोपी, स्वेटर, चेहरा पडलेला. "जरा तो तुमचा डबा घेऊन येता? हिला आळंदीला न्यायचंय, एकादशी आहे, गाडी टक् टक् करतीये." मी काही बोललो नाही हो, खरंच नाही. हाफ पँटवरच कपाट उघडलं, डबा काढला, आणि खाली जाऊन ऐटीत बोनेट उघडायला लावलं. लाल चिमटा. काळा चिमटा. दिवा हिरवाही नाही, लालही धड नाही, लुकलुकतोय. स्क्रीनवर 9 टक्के.

चिरंजीव शनिवारी मित्रांबरोबर राजगडला गेले होते. सात पोरं, सात मोबाईल. पॉवर बँक म्हणून नेला होता आणि निमूट परत ठेवला होता.

नानांनी 9 बघितलं. मला वाटलं आता ती नजर. पण त्यांचा चेहरा उजळला की हो! "अहो मग धक्का मारा, त्यात काय!" ते टुणकन ड्रायव्हरच्या सीटवर, काकू शेजारी, तुळशीची माळ मांडीवर, मागे मी आणि वॉचमन मामा. ढकलली. उतार लागला. "सेकंडला टाका!" मी ओरडलो, जन्मात पहिल्यांदा, आणि मला मजा आली. गाडीनं एक गचका दिला, दुसरा दिला, ढुर्रर्र केलं आणि सुरू झाली. थांबवली तर परत बंद पडेल म्हणून नाना थांबलेच नाहीत. खिडकीतून एक हात बाहेर आला, हलला, आणि गाडी कोपऱ्यावरून वळून गेली.

गेटवर मी, हाफ पँट, बगलेत डबा, चिमटे लोंबतायत. मामा जरा वेळ थांबले, मग म्हणाले, "साहेब, त्यात नऊ हाये म्हणता ना. मग माझ्या सायकलीचं मागचं चाक होईल का?"

सायकल जुनी, काळी, व्हॉल्व्ह पण जुन्या पद्धतीचा, नळी त्याला बसेना. मी म्हणलं थांबा मामा, आणि वर पळत जाऊन चपलांच्या कपाटातून ती पितळेची टोपी शोधून आणली.